धावेखालची माती

विंचूरच्या तीनपाटीवरून लासलगावकडे वळणारा रस्ता लासलगावात संपत नाही. चांदवड, देवळा, सटाणा मागे टाकत तो पार तापीकाठच्या प्रकाशाला जातो. सरकारदरबारी त्याचं नाव विंचूर-प्रकाशा मार्ग. प्रकाशापासून सारंगखेडा जवळ, आणि सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, या रस्त्याचं नाव निघालं की आधी सारंगखेड्याचं बोलतात आणि मग बाकीच्या गावांचं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही दोघांनी ठरवलं, की जिथं जिथं जनावर मातीवर पळतं ती मैदानं पाहून यायची. गाडी माझी, वाट अण्णांची. एका दमात सगळं होण्यासारखं नव्हतंच. इकडे लाल कांद्याची काढणी, उन्हाळ कांद्याची लागण, बागेत द्राक्षांचे मणी भरायला लागलेले आणि पहाटे पारा खाली गेला की बागेत शेकोट्या पेटवायच्या. निफाडची थंडी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा वाचून लोकांना गंमत वाटते आणि आमच्या पोटात गोळा येतो. म्हणून सवड मिळेल तसं निघायचं, पाहायचं आणि परत यायचं, असं आमचं चाललं.

अण्णांच्या दावणीला शर्यतीची जोडी होती. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी आणली आणि त्यानंतरच्या दिवाळीत जोडी दावणीवरून गेली. पुढे मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही गोवंश हत्याबंदीच्या कायद्यात आले. न पळणाऱ्या, न नांगरणाऱ्या बैलाला त्यानंतर बाजारात कुणी हात लावेना. द्राक्षबागेत बैलाला कामच नाही, तिथं छोटा ट्रॅक्टर आणि ब्लोअर फिरतो. आमच्या गल्लीत पोळ्याला पाटावर पुजले जाणारे मातीचे बैलच आता जास्त दिसतात.

मी पशुवैद्य आहे. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले. आता माझं रोजचं काम मुख्यतः गायींचं, म्हणजे कासदाह, गाभण तपासणी आणि अडलेलं वेत. शर्यतीच्या बैलाशी माझा संबंध अण्णांमुळे. मैदानावर गेलं की अण्णा आधी बैलाचं वशिंड, छाती, डोळा पाहतात. मी खाली वाकून माती पाहते. शर्यत असावी की नसावी यावर गेली कितीतरी वर्षं आपल्याकडे भांडण झालं, पण माती किती कडक असावी, उतार कुठं असावा, पळून झाल्यावर जनावरानं थांबायचं कुठं, हे फार कमी लोक बोलले. बैलाच्या बाजूनं पाहिलं तर त्याचा सारा न्याय तिथंच होतो, असं माझं मत आहे. या फिरण्यात ते आणखी पक्कं झालं.

पहिलं निघालो ते घराजवळच, दसऱ्याच्या सुमारास येवल्याच्या घोडेबाजारात. आमच्यापासून वीसेक किलोमीटर. आमचं विंचूर म्हणजे विठ्ठल शिवदेवांचं गाव. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या जवळ ज्यांचं पथक उभं होतं आणि जे तिथून जिवंत परतले, ते हे सरदार. त्यांच्या घोड्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला येवल्याचा बाजार परका वाटत नाही. तिथं धावपट्टी अशी नाही. विकणारा स्वार बाजारातल्या वाटेवरच घोडा रेवाल चालीत काढून दाखवतो. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला तरी हिंदकळू नये अशी ती चाल. अण्णा चाल पाहत होते. मी पाहत होते की ज्या वाटेवर घोडा दाखवतात, ती निम्मी डांबरी आहे. एका तांबड्या घोडीनं डांबरावरून मातीत पाय टाकला तसं तिचं पाऊल लांबलं, खांदा सैल झाला. जनावराला फरक कळतो आणि ते तो लगेच सांगतं, पाहणारा पाहिजे.

मग दत्तजयंतीला सारंगखेडा. सटाण्याच्या पुढे डोंगर जवळ येतात, कांद्याची शेतं विरळ होतात, साक्रीच्या बाजूला बोलण्यात अहिराणी शिरते. अण्णा चहाच्या टपरीवर उतरले की अहिराणी बोलायला लागतात, आणि टपरीवाला त्यांना शुद्ध मराठीत उत्तर देतो. तापीच्या पुलावरून खाली पाहिलं तर एकमुखी दत्ताच्या मंदिराच्या बाजूनं तंबूच तंबू. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी आलेले. मारवाडी आणि काठियावाडी घोडे, कानांची टोकं आत वळून एकमेकांना लागणारे. पांढऱ्याशुभ्र नुकऱ्यांची वेगळी रांग. अलीकडे या यात्रेला चेतक फेस्टिव्हलचं रूप आलं आहे, तंबूंचं गावही उभं राहतं. घोड्यांचा नाच पाहायला जी गर्दी होते ती धाव पाहायला होत नाही. अण्णांना ते खटकलं. मला नाही खटकलं. नाचणारा घोडा ढोलाच्या तालावर पुढचे पाय उचलतो आणि कडक जमिनीवर आपटतो, दिवसभर आपटतो. माझी काळजी तिथं होती. मी एका घोडेवाल्याला विचारलं, की खाली गवत किंवा वाळू का नाही अंथरत. तो म्हणाला, मग टापांचा आवाज येत नाही, ताई.

धावायची जागा मात्र चांगली होती. तापीकाठचा गाळ, वरून भुरभुरीत आणि खाली दमदार. अण्णांनी चप्पल काढून अनवाणी चालून पाहिलं आणि टाच रुतवून म्हणाले, "पाह्य, भाकरीच्या पिठावाणी ओल आहे. जास्त झाली तर चिकटन, कमी झाली तर उडन." घोड्याचं सगळं वजन एकेका खुरावर येतं, त्यामुळे असली माती त्याला मानवते. बैलाचं खूर दुभंगलेलं. टेकताना त्याच्या दोन नख्या फाकतात आणि उचलताना मिटतात. खडा असेल तर त्या फटीत जातो, चिखल असेल तर फाकण जास्त होऊन सांध्यावर ताण येतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कंबळात रेडे भाताच्या चिखलातून पळवतात. रेड्याचं खूर रुंद, त्याला चिखल जन्माचा ओळखीचा. खिल्लार बैल तिथं घातला तर त्याचं काय होईल, याचा विचारही करवत नाही. ज्या मुलखात जी माती, त्या मुलखात ते जनावर आणि तशी शर्यत, हे आमच्या हळूहळू ध्यानात यायला लागलं होतं.

पुसेगावला जायला आम्ही मार्गशीर्षाच्या उतरत्या पंधरवड्यात निघालो. विंचूरहून साताऱ्याची वाट लांब. संगमनेर, नारायणगाव, पुणे, मग शिरवळवरून खंबाटकी चढायची. शिरवळला मी गाडी थांबवली नाही, नुसतं बोटानं दाखवलं. अण्णा म्हणाले, "इथंच का गं तुला पोचवायला आलो व्हतो एसटीनं?" हो म्हटलं. त्या प्रवासात त्यांनी मला वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक बैलाचं वय सांगितलं होतं, आणि माझा पहिला दातांचा धडा तोच. साताऱ्याहून पंढरपूर रस्त्यानं पुढे वर्धनगडाचा घाट ओलांडला की खटावचं कोरडं रान लागतं. पुसेगावात सेवागिरी महाराजांची समाधी. १९४८ साली महाराज गेले, आणि त्यांच्या रथाला नोटांच्या माळा घालायची इथली रीत सगळ्या महाराष्ट्रानं चित्रांत पाहिलेली आहे. अण्णांनी दर्शन घेतलं, पण त्यांचे पाय जनावरांच्या बाजाराकडे वळत होते.

त्या बाजारात त्यांचा चेहरा उजळला. पांढरी खिल्लारं, उभ्या निमुळत्या शिंगांची, रेखीव. आटपाडी, म्हसवड, माण, सांगोला हा त्यांचा मूळ मुलूख. पाऊस कमी, गवत थोडं, अंतर लांब, त्यामुळे हलक्या हाडाचं, तरतरीत, चालीला तिखट जनावर तयार झालं. आमच्या बाजूलाही तापी खोऱ्यातलं खिल्लार होतं. ते आता शोधावं लागतं. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातलं गोधन दीड कोटीच्या वरून एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास उतरलं. घटले ते प्रामुख्यानं देशी नर. ट्रॅक्टर आल्यावर खोंड कशाला ठेवायचं, या प्रश्नाला शेतकऱ्याकडे उत्तर उरलं नव्हतं. पुसेगावच्या बाजारात उत्तर दिसतं. कुणी दोन दाताचं खोंड घेऊन आला असेल तर भोवती लगेच दहा माणसं गोळा होतात आणि पहिला प्रश्न असतो, "पळालंय का?" ज्या वंशाला आपण राष्ट्रीय ठेवा वगैरे म्हणतो, तो आज या एका प्रश्नाच्या आधारावर टिकून आहे. मला हे फार सुखाचं वाटत नाही, पण खरं आहे.

इकडची शर्यत सपाट मैदानावरची. एका छकड्याला दोन बैल, वर ड्रायव्हर, आणि शेजारी शेजारी आखलेल्या तासांतून एकदम गाड्या सुटतात. नांगराच्या तासावरून नाव आलेलं, आणि पुकारणारा "तास नंबर चार" म्हणाला की हजारो माना तिकडे वळतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. दोन बैल एकाच मालकाचे असतीलच असं नाही. याचा एक, त्याचा एक, असा पैरा जमतो. कुणाचा बैल कुणाच्या उजव्या हाताला चांगला चालतो, कोण सुटतानाच जोर करतो आणि कोण शेवटच्या टप्प्यात, हा सगळा हिशेब लोकांच्या तोंडी. आदत म्हणजे दात न बदललेल्या बैलांचं मैदान वेगळं भरतं. बकासुरसारख्या बैलाचं नाव घेतलं की शाळकरी पोरंही त्यानं मारलेली मैदानं म्हणून दाखवतात. सगळं थेट यूट्यूबवर चाललेलं, निकालाचा वाद चित्रीकरण पाहून सुटतो.

मैदान सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ते पायी पाहिलं. पोरं रांगेनं चालत खडे वेचत होती. टँकर पाणी मारत पुढे गेलेला, मागून ट्रॅक्टरला लावलेली फळी माती सारखी करत येत होती. चुन्याच्या फक्कीनं तास आखायचे बाकी होते. अण्णांनी मैदानाच्या तयारीवर असलेल्या एका वयस्कर गृहस्थांना गाठलं. ते म्हणाले, "वरची चार बोटं मऊ पाहिजेत, खाली मुरूम घट्ट पाहिजे. चार बोटांच्या वर गेलं की बैल दमतो, खाली गेलं की लंगडतो." पशुवैद्यकाच्या पुस्तकात हेच वाचायचं तर मला बरीच पानं चाळावी लागतील. सपाट मैदानावर पाचशे किलोच्या आसपासचा बैल भरधाव पळतो तेव्हा प्रत्येक टेकणीचा दणका पुढच्या पायांवर, त्यातही आतल्या नखीवर जास्त येतो. चार बोटं मऊ माती हा त्या पायांचा कायदा आहे.

कागदावरचा कायदा मी गाडीत अण्णांना क्रमानं सांगितला होता, कारण त्यांच्या डोक्यात त्या वर्षांचा गुंता झालेला. २०११ साली केंद्रानं बैलाला प्रदर्शनात वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत घातलं. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सूट दिली आणि काही दिवसांतच तिला स्थगिती आली. २०१७ मध्ये जल्लीकट्टूसाठी मरीना किनाऱ्यावर तरुण जमले, तमिळनाडूनं कायदा केला, त्यापाठोपाठ महाराष्ट्र विधिमंडळानंही केला. पण मुंबई उच्च न्यायालयात तो अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. अण्णा ऐकून घेत म्हणाले, "म्हणजे माझी जोडी गेली त्या दिवसापासून सात वर्षं." मग संगमनेर येईस्तोवर काही बोलले नाहीत.

नियम चांगले आहेत, हे मी ठामपणे म्हणते. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, पन्नास हजार रुपयांची अनामत, धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा जास्त नाही, पशुवैद्याचा दाखला, चाबूक-काठी-खिळा-विजेचा झटका यांना बंदी. मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा मुळात ज्या भावनेनं आला तीच या नियमांत आहे. बैलाच्या शेपटीला चावणारे, काठीच्या टोकाला खिळा लावणारे लोक मीही पाहिलेले आहेत आणि त्यांच्यामुळे बंदी आली हे म्हणायला मला संकोच नाही. प्राणिप्रेमी संघटनांनी खटला लढवला नसता तर आज काठीबंदीही नसती. अण्णांना हे ऐकायला आवडत नाही. पण त्यांनी स्वतः कधी बैलावर आसूड उगारला नाही आणि त्याचा त्यांना अभिमान आहे, म्हणून तेही वाद घालत नाहीत.

नियमात एक गोष्ट मला तोकडी वाटते. लांबी मोजलेली आहे, पण पळून झाल्यावरची जागा आमच्या वाटेवरच्या कितीतरी मैदानांवर कुणी मोजलेली दिसली नाही. मी नाव सांगणार नाही अशा एका मैदानावर निशाणाच्या पुढे जेमतेम थोडं रान होतं आणि त्यापलीकडे माणसं, मोटारसायकली, उसाच्या रसाचा गाडा. पहिल्या आलेल्या जोडीला ड्रायव्हरनं कासरा खेचून आवरलं, वेसणीतून रक्त आलं. मागची जोडी आवरली नाही, ती गर्दीत शिरली. एका तरुणाचा पाय मोडला, एका बैलाचा पुढचा गुडघा फाटला. मी पेटी काढून बैलाच्या जखमेला टाके घातले. अण्णांनी त्याची म्होरकी धरून ठेवली आणि पूर्ण वेळ त्याच्या कानाशी काहीतरी बोलत राहिले. नंतर त्यांनी चालत जाऊन ती जागा पावलांनी मोजली. म्हणाले, "धावायला एवढी जागा दिली, थांबायला कुणी द्यायची?"

त्याचं उत्तर आम्हाला पौष पौर्णिमेला थापलिंगावर मिळालं. आंबेगाव तालुक्यात नागापूरजवळ टेकडीवर खंडोबा. पायथ्यापासून वर माणसांची रीघ, हवेत भंडारा, आणि उतारावर जागोजाग चमकणारे गारेचे स्फटिक. इथं नवसाचे गाडे पळतात. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर या पट्ट्यात शर्यतीच्या जागेला मैदान म्हणत नाहीत, घाट म्हणतात, आणि तो खरोखर चढ असतो. गाड्याला चार बैल, वर माणूस नाही. पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार, आणि बैल त्या घोडीच्या मागे झेपावतात. प्रत्येक गाडा एकटा पळतो. त्याची बारी घड्याळावर तोलली जाते, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत, आणि आता ते काम सेन्सर करतात. घाटांची लांबी गावागणिक वेगळी, म्हणून एका घाटावरचे बारा सेकंद दुसऱ्या घाटावरच्या बारा सेकंदांशी जुळवता येत नाहीत. प्रत्येक घाटाचा राजा त्या घाटापुरता.

घाटाच्या कडेला उभी राहून मी पहिली बारी पाहिली आणि मला आमचं सगळं शोधणं तिथं सापडलं. चढावर पळताना वजन मागच्या पायांकडे सरकतं, पुढच्या गुडघ्यांवरचा दणका कमी होतो. वर पोचेस्तोवर चढच त्यांचा वेग खातो. कासरा ओढायला माणूसच नाही, त्यामुळे वेसण फाटायचा प्रश्न नाही. काठी मारायलाही कुणी नाही. ही रचना कुणा पशुवैद्यानं केलेली नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला सपाट जागा दुर्मीळ, देव टेकडीवर, म्हणून गाडा देवाच्या दिशेनं चढावर सोडला. पिढ्यान्‌पिढ्या त्यातून ही शहाणी धावपट्टी घडली. माझ्यालेखी महाराष्ट्रातल्या सगळ्या शर्यतींत घाटाची शर्यत जनावराला सर्वांत मानवणारी आहे. सुटताना चार बैल धरून ठेवायला जी झटापट होते तेवढी सोडून. तिथं माणसांनी संयम शिकायला हवा.

अण्णा या घाटांवर जुने. माघी पौर्णिमेला निमगावच्या खंडोबाला ते तरुणपणी पाहुण्यांकडे मुक्कामाला यायचे. इकडचे लोक त्यांना "नाशिककर" म्हणून मान देतात. एका गाडामालकांनी आम्हाला घाटाखालच्या झाडाखाली बसवून मासवडी-भाकरी खाऊ घातली. त्यांच्या अंगणात बंदीची सात वर्षं बैल उभे होते. विकले नाहीत. "नवस देवाला बोलला व्हता, कोर्टाला नाय," एवढंच ते म्हणाले. बंदी उठल्यावर बक्षिसांचे आकडे फुगले. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिल्या गाड्याला जेसीबी ठेवला होता, त्यानंतर थार काय, फॉर्च्युनर काय. त्या मालकांना हे पसंत नाही. मोठं बक्षीस आलं की बैल लाखांत जातो, लाखांचा बैल हरला की मालकाची मती फिरते, आणि मग काठी पुन्हा बाहेर येते. हे त्यांचं म्हणणं मला मोलाचं वाटलं. इंडोनेशियात मदुरा बेटावर करापान सापी म्हणून बैलांची धाव आहे, राष्ट्राध्यक्षांच्या नावाच्या चषकासाठी. तिथंही भांडण हेच: बैलाच्या पाठीवर खिळे वापरायचे की नाही. मान वाढला तसा बैलाचा छळ वाढला. आपण त्यांच्याकडे पाहून वेळीच सावध व्हावं.

शेवटी जानेवारीतच तळेगाव दशासर. अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वेजवळ. शिर्डीच्या बाजूनं समृद्धी महामार्गावर चढलो आणि पूर्ण दिवसाची वाट दुपारपर्यंत संपली. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना वऱ्हाडाची काळी कापसाची जमीन पसरलेली, वेचणी संपत आलेली, पऱ्हाट्या उभ्या. ही माती पावसाळ्यात गुडघाभर चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर पळायचं तर पौष-माघाची ही एवढीच फट आहे, जेव्हा ती दाबली की बसते आणि धूळ होत नाही. इथल्या कृषक सुधार मंडळाच्या शंकरपटाचा, म्हणजे इकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीचा, मुहूर्त पंचांगापेक्षा या मातीनं ठरवलेला आहे, असं मी म्हणेन.

तळेगावला महिलांचा पट असतो आणि त्यासाठीच मी अण्णांना एवढ्या लांब आणलं होतं. इथं गाडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. हातात कासरा घेतलेल्या बायका, साडीचा काष्टा घट्ट खोचलेला, डोक्याला फडकं. जोडी सुटली की धुरकरीण पुढे झुकते आणि बैलांना नावानं हाका मारते. बैल त्या आवाजावर पळतात, कारण घरी चारा-पाणी याच आवाजानं केलेलं असतं. आमच्या बाजूला पुरुषांच्या गर्दीत मी एकटी बाई असायचे. पेटी घेतलेली डॉक्टरीण म्हणून वाट मिळायची, नाही तर कुणी म्हणायचं, ताई, तुम्ही तिकडं सावलीत बसा. तळेगावात बायकांची वेगळी बाजू होती आणि ती पुरुषांपेक्षा जास्त ओरडत होती.

एका धुरकरणीला अण्णांनी विचारलं, "कासरा जड नाही होत का हो ताई?" ती म्हणाली, "ओढाव लागला तरच जड होते, बाबाजी. मी सोडून देतो. थांबाची जागा लांब आहे ना." खरंच लांब होती. निशाणाच्या पुढे काळ्या मातीचं मोकळं रान होतं, बैल आपणहून दुडक्या चालीवर येत आणि कुणीतरी चालत जाऊन त्यांना धरत असे. अण्णांनी मला कोपरानं ढोसलं.

परतताना जालन्याच्या पुढे ते म्हणाले, "चैत्रात खरसुंडीला जाऊ." आटपाडी तालुक्यात सिद्धनाथाच्या यात्रेला खिल्लारांचा बाजार भरतो, ते मला माहीत होतं. मी विचारलं, पाहायला की घ्यायला? "खोंड घेऊ एक. चार पैसे आहेत कांद्याचे."

मी माझ्या अटी गाडी चालवताच सांगितल्या. दोन दाती होईस्तोवर मानेवर जू ठेवायचं नाही, मग शेजाऱ्यांची पोरं कितीही मागे लागोत. डांबरावर पळवायचं नाही. ओढ्याच्या कडेला आपली जी पडीक पट्टी आहे ती आधी नीट करायची, खडे वेचायचे, वर चार बोटं माती, आणि टोकाला चढाच्या बाजूनं मोकळी जागा. अण्णांनी मान डोलावली. मग विचारलं, "मुरूम किती ट्रॉल्या लागन?" मी म्हटलं, आधी मोजावं लागेल. विंचूर येईस्तोवर आम्ही तेच मोजत होतो.